वर्गातली हवा आणि प्रगतिपुस्तक

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

जून जवळ आला की पालक शाळा बघायला येऊ लागतात. मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापिका म्हणून. त्यामुळं हे दृश्य मी फार जवळून पाहिलं आहे. दहावीचा निकाल किती टक्के, प्रयोगशाळा आहे का, संगणक किती, रिक्षा दारापर्यंत येते का, असे सगळे प्रश्न होतात. प्रश्न योग्यच असतात. आईवडील विचारत असतात आणि ज्याला प्रवेश घ्यायचा तो मुलगा खुर्चीच्या टोकाला बसून दाराबाहेर बघत असतो. व्हरांड्यातून जाणारी मुलं, त्यांच्यावर खेकसणारा शिपाई, कोपऱ्यात अंगठे धरून उभा केलेला कुणीतरी. तो काय बघतो आहे, हे त्याला कुणी विचारत नाही. मीही बरीच वर्षं विचारलं नाही.

खरं म्हणजे शाळेत आल्यावर पहिल्या आठ दिवसांत मुलाला जे कळतं, ते पालकांना आठ वर्षांतही कळत नाही. कुठल्या सरांच्या तासाला शंका विचारायची नाही, कुठल्या बाई ऐकून घेतात, मधल्या सुट्टीत कुठल्या कोपऱ्यात जायचं नाही, मार कुणाला बसतो आणि कुणाला कधीच बसत नाही. हे सगळं मिळून जे होतं त्याला आपण 'शाळेचं वातावरण' असा मोघम शब्द वापरतो. मी हवा म्हणते. हवा दिसत नाही, पण श्वास तीच घ्यावी लागते. आता प्रश्न असा, की मुलाला ही हवा कशी वाटते याचा आणि त्याच्या प्रगतिपुस्तकातल्या आकड्यांचा काही संबंध आहे का? की ही आपली हळव्या माणसांची समजूत आहे?

माझ्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नव्हता. आमच्या शाळेत तेव्हा गुणांप्रमाणं तुकड्या पाडत असत. 'अ' तुकडीत हुशार, 'ड' तुकडीत उरलेले. नववी 'ड' दर वर्षी गळायची. काही नापास, काही शाळाच सोडून गेलेले. शिक्षकखोलीत त्यावर एकच उत्तर असायचं, की घरचं वातावरण नाही, बाई. हे मी पण म्हणत आले होते. २००३ साली मात्र पहिल्या सत्राच्या शेवटी मी आठवी-नववीच्या सगळ्या तुकड्यांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, नाव लिहायचं नाही असा शब्द दिला आणि पाच प्रश्न फळ्यावर लिहिले. शाळेत यावंसं वाटतं का? इथं कुणाची भीती वाटते का? शंका आली तर विचारता का, कुणाला? चूक झाली तर सगळ्यांना सारखीच शिक्षा होते का? आणि शेवटचा, तुम्ही चार दिवस आला नाहीत तर कुणाच्या लक्षात येईल?

त्या चिठ्ठ्या मी दिवाळीच्या सुट्टीत घरी नेऊन वाचल्या. त्यात काय होतं ते सांगते, पण त्याआधी हे मला सुचलं कुठून, ते सांगायला हवं.

एम.एड. करताना ग्रंथालयात एक इंग्रजी पुस्तक हाती आलं होतं. मायकेल रटर नावाच्या लंडनच्या बालमानसोपचारतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिहिलेलं, १९७९ सालचं. नावच 'पंधरा हजार तास'. पाचव्या वर्षापासून शाळा संपेपर्यंत मूल साधारण इतके तास शाळेत काढतं, त्या तासांनी काय फरक पडतो, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी लंडन शहराच्या आतल्या, गरीब वस्तीच्या भागातल्या बारा माध्यमिक शाळा घेतल्या. यातली मेख अशी, की या मुलांची माहिती ती दहा वर्षांची असताना, म्हणजे त्या शाळांत जाण्यापूर्वीच गोळा झालेली होती. त्यामुळं 'त्या शाळेत मुलंच हुशार येतात' ही सबब बाजूला काढून हिशेब करता आला. आणि तो केल्यावरही शाळाशाळांत फरक उरला. हजेरीत, वागणुकीत आणि परीक्षेच्या निकालातही.

हा फरक इमारतीच्या आकारावरून किंवा ती किती जुनी यावरून ठरत नव्हता. शिक्षक तास वेळेवर सुरू करतात की नाही, तास संपण्याआधीच आवरतं घेतात का, गृहपाठ देतात आणि तपासतात का, चांगल्या कामाचं चारचौघांत कौतुक होतं का, मुलांचं काम भिंतीवर लागतं का, जबाबदारीची कामं चार-दोन लाडक्या मुलांना मिळतात की पुष्कळांना, अशा गोष्टींशी तो जोडलेला होता. यातली एकेक बाब किरकोळ वाटते. रटरचं म्हणणं असं, की या सगळ्या मिळून शाळेचा एक स्वभाव होतो आणि मूल त्या स्वभावाला प्रतिसाद देतं. मला तेव्हा ते पटलं, टिपणं काढली, परीक्षेत लिहिलं आणि नोकरीत वीसेक वर्षं विसरून गेले. हे आपल्याकडं असंच होतं.

त्याही आधी, १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाचा एक प्रचंड अहवाल आला होता. सहा लाखांहून जास्त विद्यार्थी त्यात होते. शाळेला पैसा, पुस्तकं, प्रयोगशाळा किती यापेक्षा मुलाचं घर कसं आहे यावर त्याचं यश जास्त ठरतं, हा त्याचा निष्कर्ष जगभर गाजला. शिक्षकखोलीतलं आमचं 'घरचं वातावरण नाही' हे वाक्य म्हणजे त्याचीच गावठी आवृत्ती. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती, ती कमी लोकांच्या लक्षात राहिली. 'आपल्या आयुष्यात काय होणार ते थोडंफार तरी आपल्या हातात आहे' असं ज्या मुलाला वाटतं, त्याच्या त्या वाटण्याचा त्याच्या गुणांशी असलेला संबंध शाळेच्या सगळ्या सोयीसुविधा एकत्र केल्या तरी त्यापेक्षा जास्त होता. म्हणजे मुलाला काय वाटतं, हा मोजण्याचा विषय आहे, हे तेव्हाच दिसलं होतं.

हे मोजण्याचं काम सगळ्यात चिकाटीनं झालं ते शिकागो शहरात. तिथं १९९० साली शिकागो विद्यापीठात शाळांच्या अभ्यासासाठी एक संशोधनगट उभा राहिला. शहरातल्या सरकारी शाळांतल्या मुलांना आणि शिक्षकांना ते ठराविक काळानं प्रश्नावल्या देत. वर्गात सुरक्षित वाटतं का, येता-जाता वाटतं का, शिक्षक दिलेला शब्द पाळतात का, तुमच्याकडून अवघड कामाची अपेक्षा करतात का. आणि मग त्याच शाळांचे वाचनाचे, गणिताचे गुण वर्षानुवर्षं शेजारी ठेवून बघत. अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी २००२ साली यातून एक पुस्तक लिहिलं, परस्परविश्वासावर. ज्या शाळांत शिक्षक, मुख्याध्यापक, पालक यांचा एकमेकांवर विश्वास भक्कम होता, त्यांच्यातली दोनातली एक शाळा सुधारत गेलेल्या शाळांत मोडत होती. जिथं विश्वास कच्चा, तिथं सातातली एक. पुढं २०१० साली ब्रिक आणि सहकाऱ्यांनी आणखी मोठा हिशेब मांडला. त्यात नेतृत्व, पालकांशी नातं, शिक्षकांची तयारी, मुलांना आधार वाटेल असं वातावरण आणि शिकवण्यातली सुसूत्रता असे पाच आधार त्यांनी धरले. यातले बहुतेक भक्कम असणाऱ्या शाळा सुधारण्याची शक्यता, बहुतेक कच्चे असणाऱ्या शाळांच्या दहापट होती.

शिकागोचंच आणखी एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. ते २०११ सालचं. शाळेत सुरक्षित वाटणं हे साहजिकच वस्तीवर अवलंबून असतं, गुन्हेगारी जास्त तिथं भीती जास्त. पण गरीब, अडचणीच्या वस्तीतल्या ज्या शाळांत शिक्षक, मुलं आणि पालक यांचे संबंध चांगले होते, त्या शाळा बऱ्या वस्तीतल्या पण बिघडलेल्या संबंधांच्या शाळांपेक्षा मुलांना आणि शिक्षकांना जास्त सुरक्षित वाटत होत्या. आणि मुलांना सारखं निलंबित करून शाळा सुरक्षित होत नव्हती. 'कडक शिस्त' हा शब्द पालकसभेत टाळ्या घेतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता इथं कुणीही विचारी माणूस हात वर करील. बाई, ज्याला गणित येतं त्याला शाळा आवडतेच. ज्याला येत नाही त्याला ती खायला उठते. मग हवा चांगली म्हणून गुण चांगले, की गुण चांगले म्हणून हवा चांगली वाटते? आक्षेप अगदी बरोबर आहे. प्रश्नावलीतल्या नुसत्या आकड्यांनी तो सुटत नाही. पैसा नावाच्या जगभर होणाऱ्या चाचणीत २०१८ साली दिसलं, की ज्या मुलांना महिन्यातून चार-दोनदा तरी इतर मुलं छळतात, त्यांचे वाचनाचे गुण घरची परिस्थिती जमेस धरल्यावरही सरासरी २१ अंकांनी कमी होते. त्या फेरीत भारत नव्हता. पण छळामुळं गुण घसरले, की मागं पडलेलं मूल छळाला सोपं सापडलं, हे त्या आकड्यातून सांगता येत नाही. बहुधा दोन्ही होत असावं.

म्हणून मग प्रयोगांकडं वळावं लागतं. यातला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रयोग आपल्याच देशातला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तो उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत केला, २००४ साली प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीतले मुलगे, सहा-सहांचे गट, तीन उच्च मानलेल्या जातींचे, तीन दलित. त्यांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली, सुटलेल्या कोड्यामागं पैसे. काही गटांत जातीचा उल्लेखच केला नाही. तिथं दोन्हींकडच्या मुलांनी सारखीच कोडी सोडवली. काही गटांत मात्र सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाचं नाव, गाव, वडिलांचं, आजोबांचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचली. मुलं तशीच, कोडी तशीच. दलित मुलांनी सोडवलेली कोडी सुमारे पाचव्या ते चौथ्या हिश्शानं कमी झाली.

दहा मिनिटांपूर्वी त्या मुलांची बुद्धी जेवढी होती तेवढीच नंतरही होती. मग काय कमी झालं? संशोधकांनी प्रयोगाची आणखी एक तऱ्हा केली होती. पैसे कुणाला द्यायचे हे जिथं चिठ्ठी टाकून ठरणार होतं, माणसाच्या हातात नव्हतं, तिथं जात जाहीर करूनही हा फरक दिसला नाही. त्यांचा निष्कर्ष असा, की मुलांचा आपल्यावरचा विश्वास उडाला एवढंच नव्हतं. 'इथं आपल्याला न्यायानं वागवणार नाहीत' असं एकदा वाटलं, की जीव तोडून मेहनत करण्यात अर्थ उरत नाही. हा त्या मुलांचा आळस नव्हे, तो त्यांचा हिशेब होता.

याच्या उलट्या बाजूचा एक छोटा प्रयोग अमेरिकेत झाला, २०१४ साली छापून आला. सातवीतल्या मुलांचे निबंध शिक्षकांनी तपासून, लाल शेरे मारून परत केले. सोबत एक चिठ्ठी. निम्म्या मुलांच्या चिठ्ठीत साधं वाक्य होतं, की हे शेरे तुझ्या माहितीसाठी आहेत. उरलेल्यांच्या चिठ्ठीत असं, की माझी तुझ्याकडून मोठी अपेक्षा आहे आणि तू ती गाठशील याची मला खात्री आहे, म्हणून हे शेरे देते आहे. निबंध सुधारून परत देणं ऐच्छिक होतं. साधी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी १७ टक्क्यांनी तो सुधारून दिला. दुसरी चिठ्ठी मिळालेल्यांपैकी ७२ टक्क्यांनी. गोऱ्या मुलांतही वाढ झाली, पण मुळात त्यांच्यातले बरेच जण साध्या चिठ्ठीवरही निबंध सुधारून देत होते. मुलं फक्त ४४ होती, तेव्हा एवढ्यावरून इमारत उभारू नये. पण लाल शाईचा अर्थ एकाला 'बाई मदत करताहेत' असा लागतो आणि दुसऱ्याला 'बाईंनी आपल्याला कापलं' असा, हे कुठल्याही शिक्षकाला ओळखीचं वाटेल.

२०२० मध्ये किराबो जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी पुन्हा शिकागोच्याच नववीच्या मुलांचा अभ्यास मांडला. मुलं येताना कशी होती हे लक्षात घेऊन, कुठली शाळा त्यांचे गुण किती वाढवते आणि कुठली शाळा त्यांना आपलेपण व मेहनतीची सवय किती देते, असे दोन हिशेब त्यांनी वेगवेगळे केले. दुसऱ्या हिशेबात वर असलेल्या शाळांतली मुलं जास्त हजर राहिली, त्यांच्यातल्या कमी जणांना पोलिसांनी पकडलं आणि जास्त मुलं शाळा पूर्ण करून कॉलेजात गेली. म्हणजे हवेचा परिणाम परीक्षेच्या गुणांतच शोधत बसलं तर निम्मा हातचा सुटतो.

हे घडतं तरी कसं? त्याची यंत्रणा समजायला संशोधक लागत नाही. सातवीत ऋण संख्यांचा गुणाकार येतो. उणे गुणिले उणे अधिक का, हे पहिल्या फटक्यात कुणालाच कळत नाही. ज्याला हात वर करता येतो तो विचारतो. ज्याला वाटतं की वर्ग हसेल, सर म्हणतील 'एवढंही येत नाही?', तो मान डोलावतो. पुढं आठवीत समीकरण येतं, नववीत बहुपदी, आणि तो त्या एका न विचारलेल्या शंकेवर अडखळत राहतो. दहावीला आपण म्हणतो, याचा पाया कच्चा. पाया कच्चा राहिला तो बुद्धीमुळं की हसण्याच्या भीतीमुळं, हे प्रगतिपुस्तक सांगत नाही. आणि जो मनातल्या मनात 'पुढचा नंबर माझा येईल का' हे मोजत बसला आहे, त्याच्या डोक्यात गणिताला जागा किती उरणार?

आपल्याकडं तर छडीशिवाय विद्या येत नाही, हा समज फार जुना. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी आहे. छडी बऱ्याच वर्गांतून गेली, हे मी पाहिलं. जीभ मात्र राहिली. 'बापासारखाच होणार तू' याला वळ उठत नाहीत.

तरीही एक सावधगिरी सांगायलाच हवी, कारण अलीकडं उलट्या टोकाचा उत्साहही दिसतो. मुलांशी गोड बोला, शाळा आनंदी करा, बाकी सगळं आपोआप येईल, असं कुणी म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका. व्हॅलेरी ली आणि ज्युलिया स्मिथ यांनी १९९९ साली शिकागोच्याच सहावी आणि आठवीच्या मुलांचा अभ्यास केला. मुलांना आधार भरपूर पण अभ्यासाचा आग्रह ढिला, अशा शाळांत शिकण्याची वाढ फारशी नव्हती. आग्रह आणि आधार दोन्ही असले तरच मुलं जोरात पुढं गेली. आमच्या शाळेत एक गणिताचे सर होते, कुणाला बोट लावत नसत, पण गृहपाठ न करता आलेल्याला सोडतही नसत. मधल्या सुट्टीत स्वतःचा डबा उघडून त्याच्याशेजारी बसत आणि गणित पुरं करून घेत. मुलं त्यांना 'कडक' म्हणत आणि त्यांच्याच तासाला सगळ्यात जास्त शंका विचारत.

आणखी एक गोष्ट पालकांनी आणि मुख्याध्यापकांनीही लक्षात ठेवण्यासारखी. 'अमुक शाळेचं वातावरण चांगलं' असं आपण म्हणतो, तेव्हा जणू सगळ्या मुलांना ते सारखंच मिळतं असं धरून चालतो. प्रश्नावल्या सांगतात ते वेगळं. दोन शाळांतल्या मुलांच्या उत्तरांत जेवढी तफावत असते, त्यापेक्षा कितीतरी जास्त तफावत एकाच शाळेतल्या मुलांच्या उत्तरांत असते. एकाच बाकावरच्या दोघांची शाळा निराळी असू शकते. महाराष्ट्राला हे नव्यानं सांगायला नको. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लहानपणच्या शाळेबद्दल स्वतः लिहून ठेवलं आहे. बसायला घरून आणलेलं गोणपाट, ते संध्याकाळी परत घरी न्यायचं, कारण शाळा झाडणाराही त्याला शिवायचा नाही. तहान लागली तर इतर मुलं गुरुजींना विचारून नळ सोडत. त्यांना नळाला हात लावता येत नसे, शिपायानं सोडला तरच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. त्या वर्गातल्या बाकीच्या मुलांना विचारलं असतं तर त्यांनी म्हटलं असतं, आमच्या शाळेत पाण्याची सोय आहे.

आता माझ्या चिठ्ठ्यांकडं येते. पाण्यावरूनच आठवलं. आठवीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'मुलींच्या मुतारीला कडी नाही. म्हणून मी सकाळपासून पाणी पीत नाही. दुपारी डोकं दुखतं.' दुपारी त्यांचे गणित आणि शास्त्राचे तास. त्या मुतारीच्या दारावरून मी रोज जात होते. कडी तुटून किती महिने झाले होते, कुणालाच ठाऊक नव्हतं. एक सुतार आणि अर्धा तास, एवढंच काम होतं ते. ज्या वर्षी आम्ही संगणककक्षासाठी देणग्या गोळा करत फिरत होतो, त्या वर्षीची ही गोष्ट.

'अ' तुकडीच्या चिठ्ठ्या साधारण समाधानी होत्या. शाळा आवडते, शंका विचारतो. तिथंही काहींनी गुण कमी पडण्याची धास्ती लिहिली होती, ते मी तेव्हा नजरेआड केलं. नववी 'ड'च्या चिठ्ठ्या वेगळ्या. त्यांच्या तासाला शिक्षक उशिरा येतात, हे अनेकांनी लिहिलं होतं. रटरच्या पुस्तकातली ओळ जणू मुलांनी वाचून लिहिली. 'आम्हाला प्रयोगशाळेत नेत नाहीत, आम्ही सामान फोडू म्हणतात.' 'शंका विचारत नाही, उपयोग नाही.' शेवटच्या प्रश्नाला, चार दिवस आला नाहीत तर कुणाच्या लक्षात येईल, बहुतेकांनी मित्राचं नाव लिहिलं होतं. शिक्षकाचं नाव फार थोड्यांनी. एकानं लिहिलं होतं, 'मॉनिटरच्या, कारण त्याला आकडा लिहावा लागतो.'

आणि एक चिठ्ठी माझ्यावर होती. त्या तुकडीला इतिहास मी शिकवत असे. 'बाई दर वेळी माझं नाव विचारतात. मी दर वेळी सांगतो.'

तोपर्यंत मी स्वतःला मुलांवर माया करणारी शिक्षिका समजत होते, आणि खोटं नव्हतं ते. मी त्या मुलाला कधी ओरडलेही नसेन. पण त्याच्यापर्यंत जे पोचलं ते हे.

हस्ताक्षर ओळखायचा मोह झाला. वह्या माझ्याकडंच तपासायला होत्या. पण नाव न लिहिण्याचा शब्द मी दिला होता, म्हणून वह्यांशेजारी ती चिठ्ठी ठेवली नाही. कुणाला अशी पाहणी करायची असेल तर हे पथ्य पहिलं. दुसरं असं, की जे विचारलं त्यातलं निदान एखादं लगेच दुरुस्त झालेलं मुलांना दिसलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी कोऱ्या चिठ्ठ्या परत येतात. तिसरं, या उत्तरांवरून शिक्षकांना बक्षीस किंवा शिक्षा द्यायची नाही. एकदा ते सुरू झालं की उत्तरं कशी लिहायची हे आधल्या दिवशी वर्गात शिकवलं जातं. आपण निकालाचं काय केलं ते पाहिलंच आहे.

दुसऱ्या सत्रापासून आम्ही दोन-तीन गोष्टी केल्या. कडी बसली. 'ड' तुकडीला प्रयोगशाळेचा वार ठरवून दिला. आणि हजेरी. आमच्याकडं हजेरी नंबरानं घेत, एक हजर, दोन हजर, तीन हजर, कारण त्यात वेळ वाचतो. ती नावानं घ्यायची ठरवली. शिक्षकांनी कुरकुर केली, तासाची चार-पाच मिनिटं जातात. जात होतीच. निकाल त्यामुळं सुधारला का, असं विचाराल तर मी हो म्हणणार नाही. त्याच वर्षी त्या तुकडीला गणिताला ते डबा घेऊन बसणारे सर दिले होते, इतरही बदल झाले, त्यातला कुठला कशाला लागू पडला हे एका शाळेच्या एका वर्षावरून कुणीच सांगू शकणार नाही.

नववी 'ड'च्या पटावर चौपन्न नावं होती. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात मी ती सगळी पाठ केली, प्रत्येकाचा बाक आठवत. शाळा उघडल्यावर पहिल्या तासाला मी स्वतः हजेरी घेतली, चेहऱ्याकडं बघून, पट न उघडता. एक्कावन्न मुलांनी 'हजर' म्हटलं. तीन आली नव्हती, आणि पुढंही आली नाहीत. एकाच्या घरची मंडळी ऊसतोडीला गेली होती, दुसरा गॅरेजवर लागला होता, तिसऱ्याचा पत्ता लागला नाही. ती चिठ्ठी उरलेल्या एक्कावन्नांतल्या कुणाची होती की त्या तिघांपैकी एकाची, हे मला अजून माहीत नाही.